सातवी मालिका

पुएर्तो मोंतच्या इस्पितळात, तळमजल्यावर,
एदिलिया नाउएलकीन डाव्या कुशीवर झोपली आहे.
पहाटे चारला घर सोडलं तिनं,
चिलोए बेटावरून फेरीबोट, मग बस,
मग धुक्यात तासभर रांग.
कानांत बोळे. पोटावर पट्टा.
एलिएसर काचेआडून सांगतो: श्वास घ्या. सोडा. थांबा.
ती थांबते. वीस सेकंद
यंत्र पत्रा बडवावा तसं बडवत राहतं

आणि माझ्या पडद्यावर पाणी पांढरं होतं.

इथं पाणी पांढरं, हाड काळं,
आणि एकतिसाव्या आठवड्यातला मेंदू राखाडी,
नुकत्याच घड्या पडू लागलेला,
पिळून ठेवलेल्या पंच्यासारखा.
असायला हवा होता.
उजवीकडे काहीतरी ठाण मांडून बसलं आहे,
धड घट्ट नाही, धड पोकळ नाही,
मध्ये पाण्याचे कप्पे, कडेला चुन्याचे कण
जे मंगळवारी सोनोग्राफीत चमकले होते.
रक्ताची गाठ असेल, ही आशा
तिसऱ्या मालिकेत संपली.
मधली रेघ डावीकडे सरकलेली. नऊ मिलिमीटर.

लहानपणी मी एक घर चालताना पाहिलं होतं.
ओंडक्यांवर चढवलेलं, आठ बैलजोड्या जुंपलेल्या,
सगळं गाव दोरांना लटकलेलं,
किनाऱ्यावरून पलीकडच्या टेकडीकडे.
आतला कंदील काढायचा राहून गेला होता.
आढं कललं तरी कंदील
सरळ खाली बघत होता.
त्याचा इथं काय संबंध, मला माहीत नाही.

दुर्मिळ. हा शब्द आम्ही जपून वापरतो
आणि वापरताना, खोटं कशाला बोलू,
आतून जरा सुखावतो.
बावीस वर्षांत माझ्यापुढे आलेली ही दुसरी.
वरून दोन शिकाऊ डॉक्टर जिना उतरून धावत आले.
कुणीतरी म्हणालं, काय सुरेख दिसतंय.
मीच म्हणाले बहुतेक.

छोट्या खोलीत तिनं विचारलं, केवढं आहे?
चार पूर्णांक दोन सेंटिमीटर.
म्हणजे केवढं?
आम्हाला फळं शिकवलेली असतात. मी लिंबू म्हणाले.
ती बियाण्याचे बटाटे लावते, एकवीस जाती.
लिंबू विकत आणते कधीमधी.
"मुर्ता? की ब्रुखा?"
बोटांनी तिनं माप धरलं.
मी तिचा अंगठा किंचित आत सरकवला.
"मुर्ता," ती म्हणाली.
मग बराच वेळ काहीच नाही.
मग, "अंधारात राहिला की त्यालाही डोळे फुटतात."

नवरा, एर्नाल्दो, सॅमनच्या पिंजऱ्यांवर कामाला,
लोकरी टोपी दोन्ही हातांनी पिळत बसलेला.
जगेल का, हे त्यानं विचारलं नाही.
न विचारलेल्याचंही उत्तर द्यावं लागतं.
दिलं. शस्त्रक्रिया कुठं होते, कोण करतं,
कितपत होते.
दिवस म्हणाले. मग, कदाचित तास, म्हणाले.
टोपीतून पाणी गळेल असं वाटलं.

ती उठली, पुन्हा बसली.
"डोकं पाहिलंत तुम्ही. पाय पाहिलेत?"

सहा मालिका, तीनशेच्या वर चित्रं.
पाय एकाही चौकटीत नव्हते.

एलिएसरनं दिवे पुन्हा लावले.
डावी कूस, बोळे, पट्टा. श्वास घ्या. सोडा.
पांढऱ्या पाण्यात एक तळवा वर आला,
पाच बोटं, अंगठा जरा फाकलेला,
काळोखात चप्पल चाचपावी तसा.
छापून दिला. तिनं तो ओला असल्यासारखा
दोन बोटांनी कडेला धरला.

जादा मालिकेचं कारण संगणक विचारतो.
रकाना रिकामा ठेवून पुढं जाता येत नाही.
एलिएसर माझ्याकडे पाहत होता.
बाळ सगळा वेळ अगदी शांत पडून होतं.
मी लिहिलं: गर्भाची हालचाल.